गिझर घ्यावा कसा आणि लावावा कोठें

श्रोतेहो, आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं येईल. ज्या माणसानें अडतीस वर्षें शाळेंत व्याकरण, अंकगणित आणि सामान्य विज्ञान शिकविलें, त्यानें निवृत्त झाल्यावर न्हाणीघरांतील गरम पाण्याविषयीं बोलावें, हें थोडें विचित्र खरेंच. परंतु या विषयाकडे मी हौसेनें वळलेलों नाहीं. माझ्याच घरांत, माझ्याच हातून एक चूक घडली, आणि ती आमच्या सूनबाईच्या जिवावर बेतली होती. ती कशी घडली तें मी पुढें सांगणारच आहें. पण तिचा अर्थ नीट ध्यानांत यावा, म्हणून आरंभ थोडा मागून करतों.

आमच्या लहानपणीं मागच्या अंगणांत तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशीं निखाऱ्यांची जाळी, नळीच्या भोंवतीं पाणी आणि खालच्या अंगाला पितळेची तोटी. लांकडाच्या ढलप्या, गोंवऱ्या, नारळाच्या करवंट्या, जें हातीं लागेल तें त्याच्या पोटांत जाई. धूर मधल्या नळीवाटे वर निघे आणि जातां जातां पाणी तापवून जाई. हा बंब कोणी कोंडलेल्या खोलींत ठेवीत नसे. त्यामागें कांहीं शास्त्र होतें असें नव्हे. धूर डोळ्यांना झोंबे, भिंती काळ्या होत, म्हणून तो उघड्यावर असे. धूर हा त्या काळचा उपद्रव होता खरा, पण तोच त्या काळचा पहारेकरीही होता.

पुढें वाडे पडले, सदनिका आल्या, अंगण गेलें आणि अंगणाबरोबर बंबही गेला. त्याच्या जागीं गिझर आला. या शब्दाची कथा मनोरंजक आहे. आइसलंड बेटावर ‘गेसिर’ या नांवाचें एक उष्णोदकाचें कारंजें आहे. त्यावरून अशा सर्व कारंज्यांना इंग्रजींत ‘गीझर’ म्हणूं लागले. आपल्या राजापूरच्या उन्हाळ्यांतही पाणी ऊनच निघतें, पण तें असें उसळत नाहीं. सन १८६८ मध्यें लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉहन या गृहस्थानें वाहतें पाणी गॅसच्या ज्वाळांनीं तत्काळ तापविणारें यंत्र काढलें, आणि त्याला या कारंज्याचेंच नांव दिलें. यंत्र मोठें कल्पक होतें. पण त्यांत एक उणीव होती. जळलेला वायु बाहेर नेणारें धुराडें त्याला नव्हतें. ही उणीव आपण ध्यानांत ठेवूं, कारण आज दीडशें वर्षांनंतरही अनेक घरांत तीच उणीव भिंतीवर टांगलेली आढळते.

आतां गिझरचे दोन मुख्य प्रकार पाहूं. पहिला सांठवणीचा. त्यांत दहा, पंधरा किंवा पंचवीस लिटरांची टांकी असते. पाणी आधीं तापवून ठेवावयाचें आणि मग वापरावयाचें. दुसरा टांकीवांचूनचा, ज्याला बाजारांत ‘इन्स्टंट’ म्हणतात. त्यांत पाणी सांठत नाहीं, निदान फारसें सांठत नाहीं. नळ उघडला कीं वाहतां वाहतां तें तापतें, आणि नळ बंद केला कीं तापणेंही थांबतें. टांकींतलें पाणी वापरल्यावांचून निवून जातें व तेवढी उष्णता फुकट जाते, ती या प्रकारांत वांचते. शिवाय यंत्र लहान, जागा थोडी, आणि घरांत चार माणसें एकामागून एक आंघोळीला गेलीं तरी चौथ्याला थंड पाणी मिळत नाहीं. हे गुण खरे आहेत. पण त्यांच्या मोबदल्यांत हें यंत्र एक गोष्ट मागतें. जें काम टांकी वीस मिनिटांत सावकाश करते, तें याला कांहीं क्षणांत करावयाचें असतें. म्हणून त्याला एकदम पुष्कळ शक्ति लागते. ती विजेची असो वा गॅसची असो.

किती शक्ति लागते हें दुकानदाराला विचारण्याआधीं घरीं बसून काढतां येतें. शाळेंत आपण शिकलों कीं एक लिटर पाणी एक अंश तापवावयास एक किलोकॅलरी उष्णता लागते. यावरून एक सोपा नियम निघतो. एक किलोवॅट वीज एका मिनिटांत सुमारें १४ लिटर-अंश काम करते. म्हणजे १४ लिटर पाणी एका अंशानें, किंवा एक लिटर पाणी १४ अंशांनीं तापविते. आपल्याकडे मिळणारे विजेचे इन्स्टंट गिझर बहुधा ३ किलोवॅटचे असतात. त्यांचें काम मिनिटाला सुमारें ४३ लिटर-अंश. आतां पुण्यांतल्या किंवा नाशिकांतल्या थंडीच्या सकाळीं गच्चीवरील टांकीचें पाणी १८ अंशांवर आहे असें धरूं. अंगावर घ्यावयास ४० अंश पुरे. अंतर २२ अंशांचें. त्रेचाळिसाला बाविसानें भागिलें तर मिनिटाला दोन लिटरांहून थोडें कमीच पाणी मिळेल, आणि १५ लिटरांची बादली भरावयास पावणेआठ मिनिटें लागतील. मुंबईंत तेंच पाणी २४ अंशांवर असेल तर अंतर १६ अंशांचें. तेथें तीच बादली साडेपांच मिनिटांत भरेल.

हें गणित एकदां केलें म्हणजे पुष्कळ भ्रम दूर होतात. बादली आणि तांब्या घेऊन आंघोळ करणाऱ्या घराला ३ किलोवॅट पुरतात. फवाऱ्याखालीं उभें राहून आंघोळ करावयाची असेल तर मिनिटाला सहा लिटर तरी पाणी हवें, आणि तें २२ अंश तापवावयाचें तर नऊ किलोवॅटांहून अधिक वीज लागेल. २३० व्होल्टांवर ती ४० अँपिअर होते. एवढा भार आपल्या सामान्य सदनिकेच्या तारा सोसूं शकत नाहींत. परदेशांतील चित्रें पाहून ‘सगळ्या घराला एकच टांकीवांचूनचा गिझर’ मागणाऱ्यानें आधीं आपल्या मीटरवरचा मंजूर भार वाचावा. तसल्या यंत्रांना १८ किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीज लागते, आणि तेथील घरांची जोडणीही त्या मापाची असते.

विजेचा गिझर घ्यावयाचा तर त्याच्या तारांकडे आधीं पाहावें. ३ किलोवॅटचें यंत्र १३ अँपिअर प्रवाह घेतें. त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, आणि बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तार हवी; ती २.५ चौरस मिलिमीटरांहून बारीक असूं नये, शक्य तर ४ चौरस मिलिमीटरांची असावी. साडेचार किलोवॅटचें यंत्र जवळ जवळ २० अँपिअर घेतें. तें १६ अँपिअरच्या सॉकेटला कधींही लावूं नये. त्याला वेगळा एम. सी. बी. आणि थेट जोडणी पाहिजे. अर्थिंग आहे कीं नाहीं हें तोंडी विचारून भागत नाहीं. तारतंत्र्याकडून मोजवून घ्यावें. घरांत ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. नसेल तर गिझरच्या आधीं तो बसवावा. ओल्या अंगाच्या माणसाला विजेचा धक्का बसूं लागला तर डोळ्यांचें पातें लवण्यापूर्वीं प्रवाह तोडणारें हेंच साधन आहे. एवढी काळजी घेतली कीं विजेचा गिझर न्हाणीघराच्या हवेला कांहीं करीत नाहीं. तो हवेंतून कांहीं घेत नाहीं आणि हवेंत कांहीं सोडीतही नाहीं.

गॅसच्या गिझरची गोष्ट निराळी आहे. तो काम मोठें करतो. त्यावर ‘६ लिटर’ असें लिहिलेलें असतें. तें टांकीचें माप नव्हे. मिनिटाला सहा लिटर पाणी, बहुधा २५ अंशांनीं तापवून, तो देतो असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे १५० लिटर-अंश, विजेच्या भाषेंत साडेदहा किलोवॅट. नळ उघडला कीं पाण्याच्या दाबानें आंतील पडदा सरकतो, त्यानें गॅसची वाट उघडते, दोन साध्या सेलांवर ठिणगी पडते आणि ज्वाळा पेटतात. वरच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून पाणी धांवतां धांवतां तापतें. वीज गेलेली असली तरी याचें अडत नाहीं. चार माणसांच्या चार बादल्यांना, पूर्वींच्याच हिशेबानें, सुमारें दीडशें ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर केवळ आंघोळीसाठीं तीन महिने पुरतो. तेवढ्याच कामाला वीज दीड युनिटाहून थोडी अधिक लागते. आपापल्या गांवचे दर घालून ज्यानें त्यानें गुणाकार करावा. हा गुणाकार मींही केला होता आणि गॅसचा गिझर घेतला होता. पण गॅसच्या हिशेबांत आणखी एक रकाना असतो. तो मीं कोराच ठेवला. तो रकाना हवेचा.

एक किलो गॅस पूर्ण जाळावयास सुमारें १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरांचा गिझर पूर्ण वेगानें चालला तर तासाला जवळ जवळ एक किलो गॅस जाळतो. आतां आपलें न्हाणीघर मोजा. पांच फूट रुंद, सात फूट लांब, आठ फूट उंच. झालें आठ घनमीटर. दार आणि झरोका बंद असेल तर अशा खोलींतील प्राणवायु दर मिनिटाला शेंकडा अर्ध्या भागाहून थोड्या अधिक वेगानें घटतो. हवेंत तो मुळांतच शेंकडा २१ असतो. पांचसहा मिनिटांत तो १८ पर्यंत उतरतो. माणसाला तेवढ्यानें एकाएकीं गुदमरल्यासारखें होत नाहीं, आणि धोका नेमका येथेंच आहे. माणसाच्या आधीं ज्वाळेला श्वास अपुरा पडूं लागतो. पुरेशी हवा असतां जो कर्ब पूर्ण जळला असता, तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होऊन बाहेर पडतो.

आतां माझी कबुली ऐका. पुण्यांत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतों. गिझर बसविणारा मिस्त्री शहाणा होता. त्यानें न्हाणीघरांत यंत्र लावण्यास साफ नकार दिला आणि स्वयंपाकघरामागच्या छोट्या गॅलरींत, जिला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात तेथें, उघड्या जाळीजवळ तें बसविलें. जातांना तो म्हणाला, “गुरुजी, ही जाळी बंद करूं नका.” मीं मान डोलावली. तीन वर्षें सर्व कांहीं सुरळीत चाललें. मग कबुतरांनीं गॅलरींत घाण मांडली, थंडीचा वारा स्वयंपाकघरांत येऊं लागला, आणि २०१९ च्या दिवाळींत मीं त्या जाळीला सरकत्या कांचा बसवून घेतल्या. गॅलरी कशी छान खोलीसारखी झाली म्हणून मी स्वतःवरच खूष होतों. न्हाणीघराचा झरोका त्याच गॅलरींत उघडतो, ही गोष्ट माझ्या मनांत आली नाहीं.

डिसेंबरांतला रविवार होता. घरीं पाहुणे होते. एकापाठोपाठ तिघांच्या आंघोळी झाल्या. थंडी म्हणून कांचा घट्ट लावलेल्या. चौथी सूनबाई गेली. तिला त्या दिवशीं न्हावयाचें होतें, म्हणून वेळ लागणारच होता. मी पुढच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होतों. आंत तांब्या पडल्याचा आवाज झाला. आमच्या सौभाग्यवतीनें हांक मारली, “काय गं, काय पडलें?” उत्तर नाहीं. पुन्हां हांक मारली, “अगं, ऐकतेस ना? दार उघड.” नळ मात्र चालूच. मुलानें खांद्यानें धक्के देऊन कडी मोडली. ती भिंतीशीं बसल्या जागीं कलंडली होती. तिला उचलून पुढच्या गॅलरींत नेलें, खिडक्या उघडल्या, रुग्णवाहिका बोलाविली. रुग्णालयांत तिला प्राणवायु लावला तेव्हां डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न विचारला, “घरांत गॅसचा गिझर आहे का?” मीं म्हटलें, “आहे, पण तो बाथरूममध्यें नाहीं.” डॉक्टर म्हणाले, “मग तो जेथें आहे, तेथली खिडकी बंद होती का?” त्या प्रश्नाला मला उत्तर देववेना.

ती वांचली. कांहीं दिवस डोकें दुखत राहिलें, मग तेंही थांबलें. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, मला कळत होतें कीं बाहेर जायला हवें, पण पाय उचलत नव्हते. कडीपर्यंत हातच पोंचेना.” श्रोतेहो, हें तिचें वाक्य मी आपणांस मुद्दाम सांगतों. आपल्याला वाटतें कीं गुदमरूं लागलें तर आपण दार उघडूं. या विषाची रीत तशी नाहीं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, खोकला येत नाहीं, डोळे चुरचुरत नाहींत. रक्तांतील जो तांबडा पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकें जड होतें, मळमळतें, मग पायांतलें बळ जातें. आणि संकट ओळखणारी बुद्धि त्याच वेळीं मंदावते.

मला अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. दर वर्षीं मी वर्गांत मेणबत्ती पेटवून तिच्यावर कांचेचा पेला पालथा घालीत असें आणि विचारीत असें, “मुलांनो, ही कां विझली?” सगळा वर्ग एका सुरांत सांगे, “गुरुजी, हवा संपली!” अडतीस वर्षें हा प्रयोग केला, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या गिझरवर कांचेचा पेला स्वतःच्या हातानें पालथा घातला.

म्हणून गॅसच्या गिझरची जागा ठरविण्याचे नियम मी आतां आपणांस सांगतों. ते कागदावर टिपून ठेवावे.

पहिला नियम: ज्याच्या ज्वाळा खोलींतील हवा घेतात आणि ज्याचा धूर खोलींतच सुटतो, असा गिझर न्हाणीघरांत लावूं नये. झरोका आहे, दाराखालीं फट आहे, ‘आम्ही दार किलकिलें ठेवतों’, ही कारणें चालवून घेऊं नयेत. थंडींत झरोक्यावर पुठ्ठा लागतो आणि फटींत पायपुसणें सरकतें, हा सर्वांचा अनुभव आहे.

दुसरा: यंत्र उघड्या गॅलरींत लावावें, आणि ती गॅलरी कायमची उघडी राहावी. कबुतरांसाठीं जाळी लावा, कांच लावूं नका. पावसाचा झोत ज्वाळांवर येत असेल तर वर पत्र्याचें छपरें करावें, बाजू मोकळ्या ठेवाव्या. न्हाणीघराचा किंवा निजावयाच्या खोलीचा झरोका त्याच जागीं उघडत असेल तर जागा बदलावी.

तिसरा: इमारतीच्या आंतील अरुंद डक्टांत धूर सोडूं नये. तेथें अनेकांचे झरोके उघडतात. आपल्या घरचें विष वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या घरीं पाठविणें हा उपाय नव्हे.

चौथा: धुराड्याचा गिझर घेतला तर धुराडें थेट बाहेरच्या मोकळ्या हवेंत निघावें. बाहेरचीच हवा घेणारे आणि बाहेरच धूर सोडणारे बंद पेटीचे गिझरही मिळतात. खर्च अधिक, पण सुरक्षितपणाही अधिक. साधें धुराडें असेल तर त्याच खोलींत हवा बाहेर फेंकणारा पंखा लावूं नये. बंद खोलींत तो पंखा धुराड्यांतूनच हवा उलट ओढतो आणि धूर आंत येतो.

पांचवा: वीस मिनिटांनीं आपोआप बंद होणारे गिझर येतात. सोय चांगली आहे, पण तिच्यावर विसंबूं नये. बंद खोलींत हवा बिघडावयास वीस मिनिटें लागत नाहींत. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारी घंटा मिळते, तीही जरूर लावावी; मात्र ती योग्य जागेच्या जोडीला, योग्य जागेच्या बदल्यांत नव्हे.

सहावा: ज्वाळ निळी असावी. ती पिंवळी होऊं लागली किंवा यंत्रावर काजळी धरूं लागली तर त्याच दिवशीं वापर थांबवून मिस्त्रीला बोलवावें. एरव्हीं वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुमारास, यंत्र साफ करून घ्यावें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळजण म्हणतात, “गॅसला वास येतो, तेव्हां धोका असेल तर कळेलच.” वास येतो तो न जळलेल्या गॅसला, गळती कळावी म्हणून तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. जळून झालेल्या विषाला तो वास नसतो. गळतीचा वास आला तर बटण दाबूं नये, कांडी ओढूं नये, रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, बाहेर पडावें आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो, तो जमिनीलगत सांठतो. म्हणून सिलिंडर नेहमीं उभा आणि मोकळ्या जागीं असावा. मुंबई-पुण्यांत नळानें येणारा गॅस वेगळा आहे. तो हवेहून हलका असतो आणि त्याच्या यंत्रांतील छिद्रेंही निराळ्या मापाचीं असतात. सिलिंडरसाठीं केलेला गिझर नळाच्या गॅसला तसाच जोडूं नये. यंत्रावर आय. एस. आय. चें चिन्ह पाहूनच तें घ्यावें. सिलिंडरच्या गॅसवरील छोट्या गिझरसाठीं भारतीय मानक १५५५८ हें आहे.

पाण्याकडेही थोडें पाहूं. गॅसचा गिझर पेटतो तो पाण्याच्या दाबानें. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारें एक बार असतो. इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर टांकी दोनतीन मीटरच वर असते. म्हणजे दाब चतुर्थांश बारच्या आसपास. तेथें पुष्कळ यंत्रें पेटतच नाहींत, किंवा पेटून विझतात. यंत्राच्या पत्रकांत किमान दाब लिहिलेला असतो, तो विकत घेण्यापूर्वीं वाचावा. विंधन-विहिरीचें जड पाणी असेल तर तांब्याच्या वेटोळ्यांत क्षाराचा थर बसतो, पाण्याची धार बारीक होते आणि तापणें कमी होतें; तो थर मिस्त्रीकडून सौम्य आम्लानें धुवून घ्यावा. गरम पाण्याची नळी तांब्याची किंवा उष्णता सोसणाऱ्या सी. पी. व्ही. सी. ची असावी. आणि बटण शेवटापर्यंत फिरवूं नये. साठ अंशांचें पाणी कांहीं सेकंदांत कातडी भाजतें. मुलें आणि म्हातारीं माणसें बादलींत हात घालण्यापूर्वीं मोठ्यांनीं पाणी पाहावें.

आणि न्हाणीघरांतून उत्तर आलें नाहीं तर? वाट पाहूं नये. दार मोडावें, श्वास रोखून आंत जावें, माणसाला मोकळ्या हवेंत काढावें, गॅस बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. श्वास बंद असेल तर ज्याला येत असेल त्यानें कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. डॉक्टरांना आपण होऊन सांगावें कीं घरांत गॅसचा गिझर चालू होता. त्या एका वाक्यानें उपचाराची दिशा ठरते. रोगी शुद्धीवर आला तरी त्याला डॉक्टरांकडे नेलेंच पाहिजे.

आतां आपण विचाराल, मग घ्यावा तरी कोणता? ज्याच्याकडे कायम उघडी राहील अशी गॅलरी आहे, पाण्याला दाब आहे आणि घरांत माणसें पुष्कळ आहेत, त्यानें गॅसचा घ्यावा. तो स्वस्तांत भरपूर पाणी देईल. ज्याच्याकडे तशी जागा नाहीं, त्यानें गॅसचा विचारच मनांतून काढावा आणि चांगल्या तारा, अर्थिंग व आर. सी. सी. बी. यांवर खर्च करून विजेचा घ्यावा. बादली दोन मिनिटें उशिरा भरली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांनीं, विशेषतः शिक्षणासाठीं परगांवीं राहणाऱ्या मुलामुलींनीं, घर पाहतांना भाडें विचारण्याआधीं न्हाणीघरांत डोकावावें. आई-वडिलांनींही फोनवर जेवणाची चौकशी करतांना एवढें विचारावें, “गिझर कसला आहे रे, आणि कोठें आहे?”

आमच्या गॅलरीच्या कांचा मीं त्याच आठवड्यांत काढविल्या. जाळी पुन्हां उघडी आहे. कबुतरें येतात, वारा येतो, सौभाग्यवती अधूनमधून कुरकुरते आणि मी सकाळीं उठून केर काढतों. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपणही आपल्या गिझरपाशीं एकदां जाऊन उभे राहा, आणि त्याच्या ज्वाळेला हवा कोठून मिळते तेवढें पाहून या. उत्तर लगेच सांपडलें नाहीं, तर उद्यांची आंघोळ चुलीवर तापविलेल्या पाण्यानें करा आणि मिस्त्रीला बोलवा.